दादरचा रविवारचा इतिहास कोर्स, मुसोलिनीचं परराष्ट्र धोरण: पैसे वसूल, पण लिबिया कुठे गेला?

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना लांबलचक वाचायचं नाही त्यांच्यासाठी. पाचपैकी साडेतीन स्टार. शिकवणं चांगलं, नकाशे तर एकदम झकास, चहा पाणचट, आणि एसी फक्त पुढच्या रांगांना लागतो. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, पण दादर वेस्टला राहणाऱ्यांना कळेलच कुठला हॉल ते.

कोर्सचा विषय होता दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं फॅसिस्ट इटलीचं परराष्ट्र धोरण. हो, मलाही घरच्यांनी हेच विचारलं, की रविवारची सकाळ सोडून हे ऐकायला कोण जातं. तर हॉल अर्ध्याहून जास्त भरलेला असायचा. अर्धे आमच्यासारखे रिटायर्ड, अर्धी यूपीएससीची मुलं, त्यात माझा भाचा पण होता, त्यानेच मला ओढून नेलं कारण मावशी आली की नाश्त्याचे पैसे मावशी देते हे त्याला पक्कं माहितीये. फी १८०० रुपये, सिनिअर सिटिझनला १२००. वेळ सकाळी दहाची. ठाण्याहून येणाऱ्यांनो, रविवारी सेंट्रलचा मेगाब्लॉक बघून निघा नाहीतर पहिला अर्धा तास गेलाच म्हणून समजा, आणि सर वेळेवर सुरू करतात हा त्यांचा गुण म्हणायचा की दोष ते तुम्ही ठरवा.

सुरुवात १९१५ पासून केली हे फार बरं केलं. एरवी मुसोलिनी म्हटलं की लोक डायरेक्ट हिटलरच्या शेजारी उभा असलेला फोटो दाखवतात आणि पुढे जातात. इथे सरांनी पहिल्याच दिवशी एड्रियाटिक समुद्राचा मोठ्ठा नकाशा लावला आणि लंडनच्या गुप्त तहात, महायुद्धात दोस्तांच्या बाजूने उतरा म्हणून, इटलीला काय काय कबूल केलं होतं ते एकेक बोट ठेवून दाखवलं, दक्षिण टिरोल, त्रिएस्त, इस्त्रिया, डाल्मेशियाचा एक भाग. मग १९१९ ला पॅरिसमध्ये प्रत्यक्षात काय हातात पडलं ते. टिरोल मिळालं, त्रिएस्त मिळालं, पण डाल्मेशियाचं बहुतेक सगळं युगोस्लाव्हियाकडे गेलं आणि फ्युमे हे एड्रियाटिकवरचं बंदर तर तहात मुळात नव्हतंच तरी इटलीला ते हवं होतं. आपला विजय अपंग करून दिला ही जी बोंब कवी दानुन्झिओने उठवली ना, ती किती खरी किती खोटी हे नकाशा बघून आपलं आपल्यालाच कळतं. याच दानुन्झिओने सप्टेंबर १९१९ मध्ये माणसं जमवून फ्युमे ताब्यात घेतलं आणि वर्षभराहून जास्त तिथे स्वतःचं राज्य चालवलं. शेवटी १९२० च्या नाताळात इटलीच्याच सैन्याने त्याला हुसकून लावलं आणि मग मुसोलिनीने जानेवारी १९२४ मध्ये युगोस्लाव्हियाशी तह करून तेच शहर शांतपणे पदरात पाडून घेतलं. हा भाग इतका छान झाला की मागच्या रांगेतल्या एका काकांनी मोबाईल बाजूला ठेवला.

आता कॉर्फू. माझं आणि सरांचं इथेच जमलं नाही, तर जरा नीट सांगते.

२७ ऑगस्ट १९२३. ग्रीस आणि अल्बानिया यांची हद्द आखायला एक आंतरराष्ट्रीय कमिशन काम करत होतं, त्यातला इटालियन जनरल टेलिनी आणि त्याच्यासोबतची माणसं ग्रीसच्या हद्दीत गोळ्या घालून मारली गेली. मारेकरी कोण ते कधीच पक्कं कळलं नाही. मुसोलिनी तेव्हा सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने ग्रीसला अल्टिमेटम दिला, त्यात माफी, तपास आणि ५ कोटी लिरांचा दंड, आणि ग्रीसने काही अटी मान्य काही अमान्य असं उत्तर दिल्यावर ३१ ऑगस्टला इटलीच्या नौदलाने कॉर्फू बेटावर तोफा डागून बेटच घेतलं. तोफा पडल्या त्या जुन्या किल्ल्यावर, आणि किल्ल्यात राहत होते निर्वासित, आशिया मायनरमधून पळून आलेले. डझनाहून जास्त माणसं मेली, त्यात मुलं होती. ग्रीस राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स, जिनिव्हाला मुख्यालय) गेला. मुसोलिनी म्हणाला हे राष्ट्रसंघाचं कामच नाही, जास्त कराल तर आम्ही बाहेर पडू. आणि झालं काय, तर प्रकरण राष्ट्रसंघाकडून काढून पॅरिसमधल्या दोस्त देशांच्या राजदूतांच्या परिषदेकडे गेलं, फ्रान्सला जर्मनीचा रूहर भाग ताब्यात घेतल्याच्या स्वतःच्या भानगडीत इटलीची मदत हवी होती म्हणून फ्रान्स गप्प, आणि शेवटी दंडाचे सगळे पैसे इटलीला मिळाले. इटली सप्टेंबरच्या शेवटी बेट सोडून गेली, बेट सोडावं लागलं हे खरं, पण पैसे खिशात टाकून.

सरांचं म्हणणं असं की हा सुरुवातीचा थिल्लरपणा होता, नंतर मुसोलिनी शहाणा झाला, दहा-बारा वर्षं बऱ्यापैकी जबाबदारीने वागला, १९२५ मध्ये जर्मनीच्या पश्चिम सीमांची हमी देणाऱ्या लोकार्नोच्या करारात ब्रिटनच्या बरोबरीने हमीदार म्हणून सही केली, आणि घसरला तो १९३५ नंतर. कोर्सचा सगळा सांगाडाच या विचारावर उभा आहे, आधी समंजस, मग बेभान. मला हे अजिबात पटलं नाही. कॉर्फूमध्ये त्याला जे कळलं तेच त्याने बारा वर्षांनी इथिओपियात वापरलं, की आधी मारायचं, मग राष्ट्रसंघाला सोडून जायची धमकी द्यायची, आणि मोठे दोन देश एकमेकांच्या गरजेपोटी वाट काढून देतात. मधल्या वर्षांत तो गप्प होता कारण लष्कर तयार नव्हतं, तिजोरीत खडखडाट होता आणि जर्मनी अजून आडवी पडलेली होती, तर फ्रान्स-ब्रिटनला घाबरवायला हाताशी कोणी नव्हतंच. याला शहाणपण म्हणायचं का? मी विचारलं तसं. सर म्हणाले चांगला प्रश्न आहे, आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

पण एक उदाहरण त्यांनी फार भारी दिलं, त्याचं क्रेडिट द्यायलाच हवं. दिनो ग्रांदी १९२९ ते १९३२ परराष्ट्रमंत्री होता (बाकी बराच काळ हे खातं मुसोलिनीने स्वतःकडेच ठेवलं होतं), त्याचं धोरण असं की इटली फ्रान्सच्याही कायमची बाजूला नाही आणि जर्मनीच्याही नाही, दोघांच्या मध्ये राहायचं आणि तराजू कुठे झुकायचा ते आपण ठरवायचं. सर म्हणाले, समजा तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, दोन बिल्डर आहेत, मतं जवळजवळ समान आहेत, आणि एक मेंबर आहे जो दोघांकडे जाऊन चहा पितो आणि सही कुणालाच देत नाही. हॉलमध्ये असा हशा पिकला ना, कारण प्रत्येकाच्या बिल्डिंगमध्ये तो मेंबर आहेच! आणि उदाहरण नुसतं हसवायला नव्हतं, त्यातून खरा मुद्दा कळतो, की त्या मेंबरची किंमत दोन बिल्डर असेपर्यंतच असते. १९३६ नंतर इटलीने एकाच्या, म्हणजे जर्मनीच्या, ऑफिसात मुक्काम ठोकला आणि भाव तिथेच संपला. अल्बानियाचं तिरानाचं करारपत्र, तिथला नेता झोगूला राजा व्हायला मदत, हंगेरीशी दोस्ती, ऑस्ट्रियाला पाठिंबा, हे सगळं त्यांनी याच धाग्यात ओवलं आणि पटापट पुढे नेलं, ते योग्यच केलं, तिथे जास्त रेंगाळण्यासारखं नाही.

आता मोठी तक्रार. लिबिया. अख्ख्या कोर्समध्ये लिबियाला एक स्लाइड, त्यातही ओमर मुख्तारचा फोटो आणि खाली फाशीची तारीख, १६ सप्टेंबर १९३१. बस. अहो, सत्तरी ओलांडलेला कुराण शिकवणारा म्हातारा माणूस, वीस वर्षं इटलीशी लढला, त्याला छावणीत डांबलेल्या त्याच्याच लोकांसमोर फासावर चढवलं, आणि ती छावणी कसली होती ते सांगायला नको? सिरेनायकातल्या, म्हणजे पूर्व लिबियातल्या, भटक्या टोळ्यांना, जवळजवळ एक लाख माणसांना, गुरांढोरांसकट उचलून काटेरी तारांच्या आड वाळवंटातल्या छावण्यांमध्ये ठेवलं, गुरं मेली, मग माणसं मेली, हजारोंनी. इजिप्तच्या हद्दीवर शेकडो किलोमीटर तारेचं कुंपण घातलं म्हणजे बाहेरून मदत येऊ नये. हे करणारा जनरल ग्रात्सियानी, आणि वरचा गव्हर्नर बादोल्यो. हीच दोन नावं पुढे इथिओपियात परत येतात. म्हणजे जे १९३५ ला झालं त्याची रंगीत तालीम इथे झाली होती आणि ती त्याच "समंजस" वर्षांत झाली होती, लोकार्नोची सही वाळतेय तोवर. मी ब्रेकमध्ये विचारलं तर सर म्हणाले ते वसाहत धोरण झालं, परराष्ट्र धोरण नाही, सिलॅबसच्या बाहेर. आता एका देशाने समुद्र ओलांडून दुसऱ्यांच्या जमिनीवर जाऊन केलेली गोष्ट परराष्ट्र नाही तर काय स्वराष्ट्र? अर्धा स्टार मी याच वाक्यासाठी कापलाय.

इथिओपियाचा रविवार मात्र कोर्सचा सर्वात चांगला. तो एकटाच ऐकला असता तरी फीचे पैसे फिटले असते.

सुरुवात ऑस्ट्रियापासून. जुलै १९३४ मध्ये व्हिएन्नात नाझींनी चान्सलर डॉलफुसला मारलं, तेव्हा त्याची बायको-मुलं इटलीत मुसोलिनीकडे पाहुणी म्हणून राहत होती. मुसोलिनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे सैन्य पाठवलं आणि हिटलरला मागे हटावं लागलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये स्त्रेसाला इटली, फ्रान्स, ब्रिटन एकत्र बसले, जर्मनीला आवरायचं म्हणून. दोन महिन्यांत ब्रिटनने कुणालाही न विचारता हिटलरशी नौदलाचा वेगळा करार करून टाकला. आणि जानेवारीत फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री लाव्हालने रोमला जाऊन मुसोलिनीला इथिओपियात मोकळा हात दिल्यासारखं काहीतरी आधीच बोलून ठेवलं होतं, नक्की काय बोलला यावर नंतर दोघेही भांडत बसले.

विनोद म्हणजे (विनोद कसला) इथिओपिया १९२३ मध्ये राष्ट्रसंघात आली तेव्हा इटलीने पाठिंबा दिला होता आणि १९२८ मध्ये दोघांत वीस वर्षांचा मैत्रीचा तह झाला होता. डिसेंबर १९३४ मध्ये वालवालच्या विहिरींजवळ चकमक झाली आणि ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीने युद्ध न पुकारताच हल्ला केला. १८९६ मध्ये आद्वाला इथिओपियाकडून झालेल्या पराभवाचा चाळीस वर्षांचा सल होता तो. राष्ट्रसंघाने १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लावले, पण यादीत तेल नाही, कोळसा नाही, पोलाद नाही. सुएझ कालवा उघडाच. इटलीची सैन्य भरलेली जहाजं टोल भरून आरामात जात होती. सरांनी इथे बोर्डवर दोन कॉलम केले, एकीकडे बंद केलेल्या वस्तू आणि दुसरीकडे लढाईला लागणाऱ्या वस्तू, आणि म्हणाले जोड्या लावा. कुणालाच लावता येईना. भाचा म्हणाला, मावशी, हा प्रश्न मेन्सला आला तर मी नाचेन.

मग ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होर आणि लाव्हालचा तो डिसेंबरमधला गुपचूप प्लॅन, आक्रमण करणाऱ्यालाच इथिओपियाचा मोठा तुकडा देऊन टाकायचा, फ्रेंच पेपरांत फुटला आणि लंडनमध्ये गदारोळ. हा सॅम्युअल होर म्हणजे कोण माहितीये का, याच्या आधी भारतमंत्री होता, १९३५ चा भारत सरकार कायदा पार्लमेंटमधून यानेच पास करून घेतला! त्याने राजीनामा दिला १८ डिसेंबरला, आणि त्याच दिवशी रोममध्ये राणी एलेनाने देशासाठी म्हणून स्वतःची लग्नाची अंगठी दिली, तिच्या मागून हजारो बायकांनी दिल्या. एका दिवसात दोन देशांत काय काय चाललं होतं ते सरांनी एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी मांडलं, हे मला फार आवडलं. निर्बंध लावून इटालियन लोक मुसोलिनीवर चिडतील असं जिनिव्हाला वाटत होतं, उलट लोक सोनं घेऊन त्याच्या मागे उभे राहिले. आणि तेल तोडलं असतं तर आठवड्यात माघार घ्यावी लागली असती असं मुसोलिनीने पुढे हिटलरजवळ कबूल केलं, हिटलरच्या दुभाष्याने लिहून ठेवलंय ते.

मस्टर्ड गॅसबद्दल सर स्पष्ट बोलले, त्याबद्दल त्यांना मानलं. विमानांतून टाकला, सैन्यावरही आणि गावांवरही, आणि विषारी वायू न वापरण्याच्या १९२५ च्या जिनिव्हा करारावर इटलीची सही असताना टाकला. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं, ९ मेला मुसोलिनीने साम्राज्य जाहीर केलं, ३० जूनला इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी जिनिव्हाला जाऊन उभा राहिला तर इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. आणि जुलैमध्ये निर्बंध उठवले. फेब्रुवारी १९३७ मध्ये ग्रात्सियानीवर बॉम्ब फेकला गेला त्यानंतर अदिस अबाबात तीन दिवस जी कत्तल झाली, ती हजारोंची, ती मात्र पुन्हा एका ओळीत उरकली. हे "आपल्या विषयात येत नाही" प्रकरण सारखं सारखं होतं बघा.

अजून एक गोष्ट जी राहून गेली आणि मुंबईत कोर्स घेताय तर राहायला नको होती. आपला इटलीशी संबंध काय, याबद्दल शून्य. लॉइड त्रिएस्तिनोची जहाजं तेव्हा इटलीहून सुएझमार्गे मुंबईला यायची, युरोपला जाणारे कितीतरी भारतीय त्यांनीच जायचे. गांधीजी गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये रोमला थांबले, मुसोलिनीला भेटले, मग ब्रिंदिसीहून पिल्सना या इटालियन जहाजाने २८ डिसेंबरला मुंबईत उतरले आणि आठवड्याभरात मणिभवनातून अटक. त्याच वर्षी मार्चमध्ये नागपूरचे डॉ. मुंजे मुसोलिनीला भेटून आले, तिथल्या पोरांच्या लष्करी संघटना बघून भारावले, डायरीत सगळं लिहून ठेवलंय, आणि पुढे नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. उलट नेहरू मार्च १९३६ मध्ये रोमवरून येत होते, पत्नी नुकतीच गेलेली, मुसोलिनीचं निमंत्रण आलं तर ठाम नाही म्हणाले, कारण इथिओपियाचं युद्ध चालू होतं. एवढा मसाला आपल्याच घरात आहे! दादरच्या हॉलमध्ये यावर अर्धा तास घालवला असता तर लोक उठून गेले नसते, शपथ. शेवटी एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात १९४१ ला इटालियनांशी लढायला मराठा लाइट इन्फंट्रीची पोरंच होती की.

शेवटचं सेशन गडबडीत. स्पेनला सत्तर हजारांच्या वर माणसं पाठवली, मार्च १९३७ मध्ये ग्वादालाहारात मार खाल्ला, डिसेंबरमध्ये राष्ट्रसंघ सोडला, १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि यावेळी ब्रेनरकडे कुणी गेलं नाही, हे सगळं धाडधाड. अल्बानियावर ७ एप्रिल १९३९ ला, गुड फ्रायडेला, हल्ला केला, जिथे आधीपासूनच सगळं इटलीच्या हातात होतं, तर गरज काय होती हा प्रश्न सरांनीच विचारला आणि उत्तर पण छान दिलं, की हिटलरने प्राग घेतलं तर आपणही काहीतरी घेतलंच पाहिजे. मेमधला पोलादी करार असा की एकाने हल्ला केला तरी दुसऱ्याने युद्धात उतरायचं, आणि इटलीची तयारी तर आणखी तीन वर्षं होणार नव्हती. म्हणून २६ ऑगस्ट १९३९ ला रोमने बर्लिनला यादी पाठवली, लढायचं तर आधी हे द्या म्हणून, ६० लाख टन कोळसा, ७० लाख टन तेल, २० लाख टन पोलाद आणि बरंच काही, मुद्दाम न देता येईल अशी. सरांनी ही यादी एका दमात वाचून दाखवली आणि हॉलमध्ये पुन्हा हशा. पण वेळ संपली, हॉलमध्ये पुढचा साखरपुडा होता, डेकोरेशनवाले फुलं घेऊन दारात उभे. १० जून १९४० पर्यंत, म्हणजे इटली युद्धात उतरली तिथपर्यंत, पोचायचं होतं ते राहिलंच.

नोट्सची पीडीएफ मिळते, पण मराठी फॉन्ट काही पानांवर तुटलेला आहे आणि इटली-युगोस्लाव्हियामधला रपाल्लोचा तह दोन वेगळ्या तारखांनी छापलाय, तर यूपीएससीवाल्यांनो, नोव्हेंबर १९२० धरा. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते, व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून "लवकरच" चालूय. नकाशांचे फोटो काढू देतात, ते नक्की काढा. बसायला डाव्या बाजूची तिसरी रांग, एसी पण लागतो आणि बोर्ड पण दिसतो. ब्रेकमधला चहा सोडा, खाली कोपऱ्यावर वडापाववाला आहे, अकराला गरम घाणा निघतो. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे, विषय जपान आणि मांचुरिया. भाच्याने आमच्या दोघांची नावं देऊन पण टाकली आहेत, पैसे अर्थात माझ्या गूगल पे वरून.